दंडपात्र पालक ते समितीचा सदस्य
शालेय आरोग्य व सुरक्षा-नियमांच्या घडणीचा मागोवा

हिंदुस्थानातील शिक्षणविषयक कायद्यांच्या पानांवर पालक प्रथम अवतरतो तो गुन्हेगार म्हणून. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १८९३ साली बडोदे संस्थानातील अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानास लागू केला. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास त्या कायद्याने दंड ठरविला होता आणि तो वसूलही होत असे. नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले विधेयक नामंजूर झाले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. या सर्व खटाटोपामागील हेतू उदात्त होता यात शंका नाही. परंतु शाळा आणि घर यांच्या नात्याची कल्पना त्यात एकाच दिशेची होती : शाळेने बोलवावे, पालकाने मूल आणून सोपवावे. सोपविल्यानंतर त्या मुलाचे काय होते, ते कोणत्या छपराखाली बसते, कोणते पाणी पिते, हे विचारण्याची जागा पालकास कुठेच ठेवलेली नव्हती.

याच बडोद्यात १९०९ साली शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ म्हणून तिचा उल्लेख आजही सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकांत केला जातो. मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशी ही नोंद आहे. मात्र त्या बीजाचा वृक्ष झाला नाही. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला तेव्हा देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यातच जमा आहे, असा तिचा निष्कर्ष होता. पुढे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतून नियमित तपासणीची शिफारस केली, १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्यावर स्वतंत्र समिती नेमली गेली आणि तिचाही अहवाल आला. वर्षातून एकदा डॉक्टर येत, उंची-वजन घेत, दात पाहत आणि एक कार्ड भरीत. हे कार्ड पुष्कळदा शाळेच्या कपाटातच राही. ज्याच्या मुलाविषयी ते लिहिले गेले, त्या पालकाच्या हाती ते पोहोचेलच असे नव्हते.

सुरक्षेचा इतिहास याहून वेगळा आहे आणि कठोरही. आरोग्याचे नियम निदान तज्ज्ञांच्या समित्यांतून आले. सुरक्षेचे बहुतेक नियम आले ते अपघातांतून, आणि त्या प्रत्येक नियमामागे कुठल्या तरी गावचे पालक उभे आहेत.

या संदर्भात एक परदेशी प्रसंग आवर्जून सांगण्याजोगा आहे, कारण तेथे पालक अपघातापूर्वीच बोलले होते. दक्षिण वेल्समधील ॲबरव्हॅन हे कोळसा-खाणीचे गाव. खाणीतून निघणारा टाकाऊ माल गावामागच्या डोंगरावर वर्षानुवर्षे रचला जात होता. त्याच्या पायथ्याशी पँटग्लास नावाची शाळा होती. पावसाळी दिवसांत वरून काळे पाणी वाहत येई आणि शाळेच्या परिसरात साचे. स्थानिक परिषदेच्या अभियंत्याने १९६३ पासून खाण-मंडळाकडे याविषयी पत्रव्यवहार चालविला होता. १९६५ च्या जानेवारीत शाळेतील दोन मातांनी या पाण्याविषयी एक अर्ज मुख्याध्यापिकेकडे दिला आणि मुख्याध्यापिकेने तो परिषदेपर्यंत पोहोचविला. शुक्रवार, २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, वर्ग नुकते भरलेले असताना, एका झऱ्यावर रचलेला सातव्या क्रमांकाचा ढिगारा घसरून शाळेवर आला. ११६ मुले आणि २८ प्रौढ असे १४४ जीव गेले. अर्ज पुढे नेणारी मुख्याध्यापिकाही त्यांत होती.

चौकशी न्यायाधिकरणाने १९६७ साली राष्ट्रीय कोळसा मंडळावर स्पष्ट ठपका ठेवला. तरीही डोंगरावरचे उरलेले ढिगारे हटविण्यास सरकार राजी होईना. तेव्हा ग्रामस्थांनी कार्डिफ येथील सरकारी कचेरीत चिखलाच्या पिशव्या नेऊन ओतल्या. ढिगारे हटले, परंतु त्या खर्चासाठी दुःखितांच्या साहाय्यार्थ जगभरातून आलेल्या निधीतून १,५०,००० पौंड घेण्यात आले. ही रक्कम १९९७ साली परत करण्यात आली. खाणींच्या ढिगाऱ्यांविषयीचा ब्रिटिश कायदा १९६९ चा आहे. मातांचा अर्ज त्याआधी चार वर्षांचा.

भारतातील प्रसंगांत पालकांना असा अर्ज करण्याचीही संधी बहुधा मिळाली नाही. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील मंडी डबवाली येथे एका शाळेचे वार्षिक पारितोषिक-वितरण एका विवाह-मंडपात चालू होते. कृत्रिम धाग्यांच्या कापडाच्या मांडवास आग लागली आणि काही मिनिटांत चारशेहून अधिक माणसे जळून गेली. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती आणि मुलांचे कौतुक पाहण्यास आलेल्या माता होत्या. स्नेहसंमेलन हा प्रत्येक शाळेच्या आनंदाचा दिवस. मांडव कशाचा आहे, बाहेर पडण्याच्या वाटा किती आहेत, विजेच्या तारा कोणी जोडल्या, हे प्रश्न त्या काळी कोणत्याही शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या आगेमागे नसत. डबवालीच्या आप्तांनी संघटना उभारून पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने एका माजी न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमला आणि नुकसानभरपाईचा निकाल दिला तो २००९ साली. मधल्या चौदा वर्षांत वाचलेली मुले मोठी झाली होती.

दिल्लीतील वजीराबाद पुलावरून १८ नोव्हेंबर १९९७ रोजी शाळेची एक बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले बुडाली. दिल्लीच्या प्रदूषण व वाहतुकीविषयीचा एम. सी. मेहता यांचा खटला त्या वेळी सर्वोच्च न्यायालयापुढे चालूच होता. त्याच खटल्यात नोव्हेंबर-डिसेंबर १९९७ मध्ये न्यायालयाने शाळेच्या बसगाड्यांसंबंधी आदेश दिले. आज देशभर दिसणाऱ्या पिवळ्या बसवरील पुष्कळ गोष्टींचे मूळ त्यांत सापडते : पुढे-मागे ठळक अक्षरांत ‘स्कूल बस’, खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचार-पेटी, अग्निशामक, शाळेचे नाव व दूरध्वनी क्रमांक, भक्कम कुलुपाचे दार, ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, प्रशिक्षित मदतनीस. या सूचनांतच आणखी एक वाक्य आहे, आणि या लेखाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे : नियम पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी कोणीही पालक वा शिक्षक बसमधून प्रवास करू शकेल. एखाद्या नियमाच्या देखरेखीचा अधिकार सामान्य पालकाच्या हाती इतक्या सरळपणे दिल्याची उदाहरणे थोडी आहेत. वापर मात्र क्वचितच झाला. बस उशिरा आली तर थांब्यावर तक्रार करणारे पालक अनेक असतात; एखाद्या सोमवारी मागच्या आसनावर बसून संपूर्ण फेरी पाहणारे विरळाच.

महाराष्ट्राने २०११ साली स्कूल बसविषयी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असावी लागते आणि तीत पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधीस स्थान असते. त्याच वर्षीच्या शुल्क-विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ स्थापणे व त्याची कार्यकारी समिती सोडत पद्धतीने निवडणे शाळांना बंधनकारक केले. हा कायदा मुख्यतः फीसाठी झालेला असल्याने या समितीच्या बैठकांत पैशांची चर्चा रंगते आणि स्वच्छतागृहाच्या दाराची कडी, जिन्याचा कठडा, पाण्याची टाकी हे विषय ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली शेवटच्या पाच मिनिटांत उरकले जातात. हा दोष कायद्याचा नाही.

परंतु भारतीय शाळांच्या सुरक्षेचा खरा दुभाजक बिंदू म्हणजे कुंभकोणम. तमिळनाडूतील या मंदिरांच्या नगरीत १६ जुलै २००४ रोजी, शुक्रवारी, सकाळी ११ च्या सुमारास एका शाळेत मध्यान्ह भोजन शिजविताना स्वयंपाकघरात आग लागली. एकाच इमारतीत तीन शाळा चालत होत्या. वरच्या मजल्यावरील वर्गांवर झावळ्यांचे छप्पर होते. ज्वाळा त्या छपरापर्यंत पोहोचल्या आणि पेटलेले छप्पर बसलेल्या मुलांवर कोसळले. बाहेर पडण्याचा जिना अरुंद होता. ९४ मुले मृत्यू पावली. बहुतेक प्राथमिक वर्गांतील, लहान मिळकतीच्या घरांतील.

या दुर्घटनेत निसर्गाचा कोप नव्हता, कोणाचा घातपात नव्हता. छप्पर, चूल आणि जिना या तीनच गोष्टींनी ती घडविली. आणि या तिन्ही गोष्टी रोज शाळेच्या दारापर्यंत मूल सोडायला येणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यांनी प्रश्न का विचारला नाही, असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. प्रश्न विचारण्याची जागाच नव्हती. इमारतीस परवानगी देणारे, शाळेस मान्यता देणारे, तपासणीचे शेरे लिहिणारे निराळे होते, आणि पालकाचा संबंध येई तो फी भरण्याच्या खिडकीशी.

त्यानंतर मात्र हे पालक हटले नाहीत. संघटना झाली. खटला उभा राहिला तेव्हा मुलांच्या आईवडिलांनी साक्षी दिल्या. तंजावरच्या न्यायालयाचा निकाल लागण्यास बरोबर दहा वर्षे लागली : ३० जुलै २०१४ रोजी शाळेच्या संस्थापकासह दहा जण दोषी ठरले, अकरा जण निर्दोष सुटले. पुढे उच्च न्यायालयात शिक्षा सौम्य झाल्या. वाढीव भरपाईसाठीही पालकांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. दरम्यान राज्य सरकारने शाळांवरील गवती छपरे उतरविण्याचा आदेश दिला होता.

कुंभकोणमच्या आगीनंतर अविनाश मेहरोत्रा यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. १३ एप्रिल २००९ रोजी न्या. दलवीर भंडारी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे त्यात प्रथमच निःसंदिग्धपणे सांगितले गेले. शाळांनी सहा महिन्यांत अग्निशामक साधने बसवावीत, मान्यता देण्यापूर्वी इमारत राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तपासली जावी, शिक्षकांना व कर्मचाऱ्यांना साधने हाताळण्याचे शिक्षण द्यावे, असे आदेश निघाले. आज शाळेच्या मान्यता-नूतनीकरणाच्या वेळी अग्निसुरक्षा-प्रमाणपत्रासाठी जी धावपळ होते, तिच्यामागे हा निकाल आहे. भिंतीवर लाल नळकांडे टांगलेले असते हे खरे. ते उघडता येणारी माणसे त्या इमारतीत किती, हा प्रश्न प्रत्येक शाळेने स्वतःलाच विचारण्यासारखा आहे.

त्याच वर्षी संसदेने बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम संमत केला. बडोद्याच्या कायद्यात दंडपात्र असलेला पालक शतकानंतर येथे समितीच्या खुर्चीवर बसला. कलम २१ अन्वये प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे ठरले. शाळा विकास आराखडा या समितीने करावयाचा. छप्पर, चूल आणि जिना यांवर बोलण्याची जागा आता कायद्याने निर्माण झाली होती.

ती पुरेशी ठरली नाही, हे चारच वर्षांत दिसले. १६ जुलै २०१३ रोजी, योगायोगाने कुंभकोणमच्याच तिथीस, बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. यानंतर जेवण वाढण्यापूर्वी एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढांनी चव घेण्याचा दंडक केंद्राने कडक केला आणि २०१५ च्या नियमांत अन्नाचा दर्जा, स्वयंपाकाच्या जागेची स्वच्छता यांवर देखरेख ठेवण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपविले. मातांनी पाळीपाळीने स्वयंपाकावर लक्ष ठेवावे, ही सूचना तर २००६ च्या योजनेतच होती. तेलाला येणारा वास स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईच्या नाकाला जितका लवकर कळतो, तितका तपासनिसाच्या नमुन्याला कळत नाही. चव-नोंदवहीत रोज एकाच हस्ताक्षरातील ‘चव चांगली’ असा शेरा आढळला, तर ती वही आठवड्यातून एकदाच भरली जाते असे खुशाल समजावे.

मुलांच्या देहाच्या सुरक्षेचा आणखी एक पैलू आहे आणि त्यावर बोलताना शाळा अजूनही अवघडतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रारीची तातडीने दखल घेतली गेली नाही म्हणून २० ऑगस्टला पालक व नागरिक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरण स्वतःहून दाखल करून घेतले. राज्य सरकारने कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पूर्वचारित्र्य-पडताळणी आणि २०२२ पासून कागदोपत्री अस्तित्वात असलेली सखी सावित्री समिती यांविषयी नव्याने आदेश काढले. समिती होती, तीत पालकांना स्थानही होते. तरी आईबापांना रुळांवर जावे लागले. समितीची पाटी दाराशी लावणे आणि समितीपुढे बोलता येईल असा विश्वास पालकाच्या मनात उत्पन्न करणे, यांतले अंतर त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांपुरती एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या टी. एम. ए. पै निकालानुसार भाषिक अल्पसंख्याकत्व राज्यनिहाय ठरते. त्यामुळे मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, तेलंगण वा दिल्ली येथे मराठी भाषक हे अल्पसंख्याक आणि त्यांनी आपल्या भाषेसाठी चालविलेल्या शाळांना राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाचे संरक्षण. २०१२ च्या दुरुस्तीने अशा शाळांतील व्यवस्थापन समितीचे काम केवळ सल्ल्यापुरते ठेवले. आणि ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने तर शिक्षणहक्क कायदाच अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असे ठरले. परमुलखात मराठी टिकविणाऱ्या संस्थांना ही स्वायत्तता हवीच होती; हैदराबादची १९०७ सालची विवेकवर्धिनी असो वा दिल्लीची नूतन मराठी, या संस्था समाजाने उभारल्या आणि समाजाच्याच बळावर चालल्या. परंतु याचा एक अर्थ असाही होतो की अशा शाळांत पालकांनी सुरक्षेच्या नियमांवर हात ठेवावा की नाही, हे बव्हंशी संस्थेच्या मर्जीवर आहे. अग्निसुरक्षा आणि वाहतुकीचे नियम त्यांना इतरांसारखेच लागू आहेत. पालकांची खुर्ची मात्र संस्थेने आपण होऊन मांडावयाची आहे.

ती मांडण्यास मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक शाळेच्या पालकांत वीजतंत्री असतो, परिचारिका असते, नगरपालिकेतला अभियंता असतो, गाडी चालविणारा असतो, खानावळ चालविणारी बाई असते. जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वी अशा पाच-सहा जणांनी मुख्याध्यापकांसह इमारतीत एक फेरी मारावी : मीटरची खोली, गच्चीचा दरवाजा, टाकीचे झाकण, प्रयोगशाळेतील आम्लाच्या बाटल्या, जिन्याखाली रचलेले मोडके बाक. अग्निशामकावर पुढील भरणीची तारीख पाहावी. आणीबाणीच्या दरवाजाची किल्ली कोणाच्या खिशात असते ते विचारावे. दमा, अपस्मार वा मधुमेह असलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकांकडे आहे की नाही हे पाहावे, आणि ती पालकांच्या संमतीने व गुप्तता राखून केलेली असावी. जे आढळेल ते इतिवृत्तात लिहावे आणि त्यापुढे दोन रकाने आखावेत : कोणी करावयाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत. पुढील बैठकीचा पहिला विषय हेच दोन रकाने वाचणे हा असावा. फीचा विषय त्यानंतर घेता येतो.